माइक ते मापपट्टी: रॅपरने स्वतःचा कपड्यांचा ब्रँड कसा उभा करावा

सुरुवात डिझाइनपासून करू नका, कागदपत्रांपासून करा. म्युझिक लेबलशी झालेला करार, टूरवर विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांचा मर्चंडाइज करार आणि मॅनेजरशी झालेला करार, तिन्ही बाहेर काढा. ‘नाव आणि प्रतिमा’, ‘मर्चंडाइज’, ‘ब्रँड भागीदारी’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे खूण करा. लेबलचा करार ‘३६० डील’ प्रकारातला असेल तर गाण्याबाहेरच्या कमाईतही लेबलचा हिस्सा असतो, आणि कपडे बहुतेक वेळा त्यात धरलेले असतात. मर्चंडाइज कंपनीकडून उचल घेतली असेल आणि ती अजून फिटली नसेल, तर त्या कंपनीचा एकाधिकारही पुढे लांबतो. थोडक्यात, आपलंच नाव छातीवर छापायला दुसऱ्याची परवानगी मागायची वेळ येते. हे कळतं तेव्हा बहुधा हुडी शिवून झालेली असते.

यावर उपाय आहे, पण तो करार नव्याने करताना किंवा त्याची मुदत वाढवतानाच जमतो. ‘मर्चंडाइज’ची व्याख्या आवळून घ्या: ज्या कपड्यावर कलाकाराचं नाव, चेहरा, अल्बमचं शीर्षक किंवा टूरच्या तारखा आहेत तेवढंच मर्चंडाइज. वेगळ्या नावाखाली, चेहऱ्याशिवाय विकला जाणारा कपडा त्या व्याख्येबाहेर. या दोन ओळी लिहून घेतल्या नसतील तर पुढचं सगळं गाडं अडतं.

ब्रँडचं नाव रंगमंचावरच्या नावापेक्षा वेगळं ठेवा, असं सुचवण्यामागेही हेच कारण आहे. नाव आणि माणूस एकच असले की ब्रँड विकताना माणसाचा एक तुकडा विकला जातो. अमेरिकन रॅपर शॉन कोम्ब्सने १९९८ मध्ये स्वतःच्या पहिल्या दोन नावांवरून ‘शॉन जॉन’ सुरू केलं, २००४ मध्ये त्याला अमेरिकेतल्या फॅशन डिझायनरांच्या परिषदेचा पुरुषांच्या कपड्यांसाठीचा पुरस्कारही मिळाला. २०१६ मध्ये मोठा हिस्सा विकला, आणि २०२१ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या लिलावात सुमारे ७५ लाख डॉलर मोजून तेच नाव परत घ्यावं लागलं. रॅपर जे-झीने आपल्या ‘रोकावेअर’ या कपड्यांच्या ब्रँडचे हक्क २००७ मध्ये २० कोटी ४० लाख डॉलरला विकले. हा सौदा उत्तम मानला जातो आणि तो तसा होताही. पण पुढे ‘रॉक नेशन’ या त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने टोप्या निघाल्या (इंग्रजीत दोन्ही नावं ‘Roc’नेच सुरू होतात), तेव्हा २०१७ मध्ये ‘रोकावेअर’च्या नव्या मालकांनी खटला भरला आणि तो मिटायला २०१९ उजाडलं. सारख्या नावांची दोन घरं बांधलीत की एक विकताना दुसऱ्याची भिंत हलते.

नोंदणीचं थोडक्यात. ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत कपडे, पादत्राणं आणि टोप्या वर्ग २५ मध्ये येतात. पिशव्या १८ मध्ये, किरकोळ विक्रीची सेवा ३५ मध्ये, गाण्याचे कार्यक्रम ४१ मध्ये. गाण्यासाठी केलेली ४१ ची नोंदणी कपड्याला पुरत नाही. बऱ्याच जणांची गफलत इथेच होते. काही देशांत आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा, तर अनेक देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा. म्हणून नाव सोशल मीडियावर फुटण्याआधी अर्ज करा, आणि अर्ज मॅनेजरच्या नावावर नको, तुमच्या मालकीच्या कंपनीच्या नावावर हवा. लोगोचा फॉन्टही तपासा. फुकट उतरवलेले बरेचसे फॉन्ट ‘वैयक्तिक वापरापुरते’ असतात. लोगो ज्याने काढला त्याच्याकडून हक्क हस्तांतराचा कागद घ्या. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपल्याकडे आला, असं बहुतेक ठिकाणी होत नाही.

दुसऱ्याचा लोगो मोडून-वाकवून वापरायचा मोह रॅपरला हमखास होतो, कारण सँपलिंग, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरणं, त्याच्या रक्तात असतं. गाण्यात सँपल क्लिअर करावा, म्हणजे मूळ मालकाची परवानगी घ्यावी लागते, इथेही तेच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या डॅपर डॅन या शिंप्याने १९८२ पासून मोठ्या फॅशन घराण्यांची चिन्हं वापरून रॅपरांसाठी कपडे शिवले. दावे आणि छापे पडून १९९२ मध्ये दुकान बंद झालं. २०१७ मध्ये गुच्चीच्या एका जॅकेटवर त्याची नक्कल केल्याचा गदारोळ उठला आणि मग त्याच घराण्याने त्याच्याशी भागीदारी केली. पंचवीस वर्षं वाट पाहण्याची तयारी असेल तरच हा रस्ता धरा.

तीन वाटा, आणि प्रत्येकीतली खोच

पहिली वाट स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या कंपनीत माल काढायची. दुसरी परवान्याची: नाव तुमचं, माल दुसरा बनवतो, तुम्हाला विक्रीवर रॉयल्टी. तिसरी एखाद्या मोठ्या ब्रँडसोबत एक-दोन वस्तूंची भागीदारी.

परवान्याच्या करारात टक्क्यांवर तासन्‌तास घासाघीस होते आणि खरी कलमं बाजूला राहतात. रॉयल्टी ‘निव्वळ विक्री’वर असेल तर त्यातून काय काय वजा होणार याची यादी मागा, परतावे आणि सवलती ठीक आहेत, जाहिरात खर्च आणि गोदाम भाडं वजा होऊ देऊ नका. किमान हमी रक्कम घ्या, नाहीतर समोरचा तुमचं नाव कपाटात ठेवून देईल आणि तुम्ही दुसरीकडे जाऊ शकणार नाही. मंजुरीचं कलम नीट वाचा: ‘१० दिवसांत उत्तर न आल्यास मंजूर समजावे’ असं असेल तर टूरवर असताना तुम्ही न पाहिलेला माल तुमच्या नावाने बाजारात जातो. तिथे ‘नामंजूर समजावे’ हे शब्द घालून घ्या. हिशेब तपासण्याचा हक्क आणि करार संपल्यावर उरलेला माल विकायची मुदत, ९० किंवा १८० दिवस, हेही लिहून हवं. त्या मुदतीत भाव किती खाली आणता येईल त्यावर मर्यादा नसेल, तर तुमचं नाव स्वस्तातल्या ढिगात जाऊन पडतं आणि तिथून ते वर काढणं फार अवघड.

भागीदारीत एकच प्रश्न आधी विचारा: आकार कुणाचा? ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने कान्ये वेस्टसोबतचं नातं तोडलं तेव्हा कंपनीने जाहीरच केलं की त्या भागीदारीतून तयार झालेल्या मालाच्या डिझाइनचे हक्क आपल्याकडे आहेत. ‘यीझी’ हे वेस्टच्या बुटांचं नाव एकीकडे, बुटांचे आकार दुसरीकडे, अशी फाळणी झाली. वर्तनाचं कलम (कलाकाराच्या वागण्याने बदनामी झाली तर करार तोडता येतो असं) अशा करारांत असतंच आणि ते काढून टाका म्हणणं व्यर्थ आहे. मात्र ते दोन्ही बाजूंना लागू असावं आणि ‘बदनामी’ म्हणजे काय याची व्याख्या असावी.

पहिल्या खेपेत काय काढायचं

तीन वस्तू: टोपी, टी-शर्ट, हुडी. बस. जॅकेट आणि पँट दुसऱ्या वर्षी.

टोपी आधी, कारण तिला साइझ नसते, म्हणून उरलेल्या मापांचा ढीग साचत नाही. शिवाय कॅमेरा रॅपरच्या तोंडावर असतो आणि टोपी प्रत्येक चौकटीत येते. १९९७ मध्ये रॅपर एलएल कूल जे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत चक्क ‘फुबू’ या दुसऱ्याच ब्रँडची टोपी घालून उभा राहिला. जाहिरातीचा खर्च एकाचा आणि नाव झालं दुसऱ्याचं, तेही एका टोपीवर. भरतकाम करून घेताना अक्षराची उंची ५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्याखाली ‘ए’ आणि ‘ई’चे पोकळ भाग दोऱ्याने बुजतात. सहा पाकळ्यांच्या टोपीला समोर मधोमध शिवण येते आणि बारीक अक्षर त्या शिवणीवर मोडतं. मधे अक्षर हवंच असेल तर पाच पाकळ्यांची टोपी घ्या, तिचा पुढचा भाग सलग असतो.

टी-शर्टवर वेळ घालवा, कारण लोक तुम्हाला त्याच्यावरूनच जोखणार आहेत. तयार कोरा टी-शर्ट घेऊन छापणं यात गैर काही नाही, पण तो मर्चंडाइजचा मार्ग आहे. ब्रँड म्हणायचं असेल तर स्वतःचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा साचा हवा. २२० ते २४० जीएसएमचं सुती जर्सी कापड रस्त्यावरच्या ढगळ घाटाला चांगलं उभं राहतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, दर्जा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. आखूड तंतूच्या सुताचं कापड कितीही जड असलं तरी दहा धुण्यांत त्यावर गोळे येतात. ‘हेवीवेट’ शब्दावर भाळू नका, सूत विचारा.

आता कापड टेबलावर पसरा. धुवायच्या आधी त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनाने आखा. घरच्यासारखं तीनदा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. बाजू ४७.५ वर आली म्हणजे कापड ५ टक्के आटलं. ७२ सेंटिमीटर उंचीचा टी-शर्ट साडेतीन सेंटिमीटरहून अधिक आखूड होणार. एवढं आटणं पॅटर्नमध्ये धरता येतं, पण उभं ७ आणि आडवं २ असं विषम असेल तर कपडा लांबीला आखूड आणि घेराला तेवढाच राहतो, आणि घालणारा खोक्यासारखा दिसतो. असं कापड परत करा. धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे वळली असेल तर सुताला पीळ जास्त आहे. तो दोष शिवणकामाने सुटत नाही.

गळा बघा. रिब (गळ्याची ताणणारी विणलेली पट्टी) दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद, आणि तिची लांबी गळ्याच्या घेराच्या साधारण ८० ते ८५ टक्के. यापेक्षा लांब घेतली की गळा लाटांसारखा उठतो, फार आखूड घेतली की चुण्या पडतात. रिबमध्ये थोडं इलॅस्टेन (ताणणारा धागा) नसेल तर दोन महिन्यांत गळा सैल पडतो. मागच्या बाजूने खांद्यापासून खांद्यापर्यंत पट्टी शिवून घ्या. मुंढा खाली उतरवलेला असेल तर हात वर केल्यावर सगळा कपडा वर येतो. रॅपर हात वर करतोच, म्हणून नमुना अंगावर चढवून हात वर करून पाहा. आरशासमोर ताठ उभं राहून घेतलेली फिटिंग निरुपयोगी.

छपाईत सगळ्यात जास्त तक्रारी भेगांच्या. प्लास्टिसॉल शाई सुमारे १६० अंश सेल्सियसला पूर्ण पक्की होते, आणि ते तापमान शाईच्या तळापर्यंत पोचावं लागतं. घाईत ड्रायरचा पट्टा जोरात सोडला की वरचा थर पिकतो, खालचा कच्चा राहतो. पाचव्या धुण्याला छाती तडकलेल्या जमिनीसारखी दिसते. छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणून पाहा, तिथेच कळतं. लाल पॉलिएस्टरवर पांढरं छापलं तर ते काही दिवसांत गुलाबी होतं, कारण उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो. त्याला कमी तापमानाची शाई आणि खाली रोधक थर लागतो. आणखी एक: ३० सेंटिमीटर रुंदीची छपाई छोट्या मापावर काखेपर्यंत पोचते आणि सगळ्यात मोठ्या मापावर तिकिटासारखी दिसते. छपाईचे दोन आकार करा. खर्च छपाईच्या एका जाळीचा वाढतो, तो सोसा.

हुडी ३५० ते ४५० जीएसएमची. पुढच्या खिशाच्या चारही कोपऱ्यांना बारटॅक (जोर देणारे दाट टाके) हवा, नाहीतर फोनच्या वजनाने खिसा उसवतो.

टेक पॅक आणि नमुने

टेक पॅक म्हणजे कारखान्याला दिलेलं लिखित गाणं; त्यात नसेल ते वाजणार नाही. समोरचं आणि मागचं सपाट रेखाटन, कापड-दोरा-लेबल-बटण यांची यादी, प्रत्येक मापाचा तक्ता, माप कुठून कुठे घ्यायचं याच्या खुणा, आणि चालेल तेवढी चूक: छाती आणि उंचीला अधिक-उणे १ सेंटिमीटर, गळ्याला अर्धा. ‘थोडं ढगळ’ हे माप नाही.

नमुने टप्प्याने येतात. पहिला घाटासाठी, दुसरा फिटिंगसाठी, मग सगळ्या मापांचा संच, शेवटी उत्पादनापूर्वीचा नमुना. हा शेवटचा खऱ्या कापडात, खऱ्या रंगात आणि खऱ्या लेबलसह असावा. तो सही करून सीलबंद करा, एक कारखान्यात, एक तुमच्याकडे. माल आला की तपासणी प्रमाणित तक्त्याने: ५०० नगांच्या लॉटमधून ५० नग काढायचे आणि एक्यूएल (दोषांची स्वीकारार्ह मर्यादा) २.५ धरली तर ३ मोठे दोष चालतात, ४ सापडले की लॉट परत. सगळे नग वरच्या खोक्यातून काढू नका. कारखान्याला माहीत असतं तुम्ही कुठला खोका उघडणार ते.

वेळेचा हिशेब: टेक पॅक ३ आठवडे, पहिला नमुना ४, दोन दुरुस्त्या ५, कापड विणून रंगवणं ५, शिलाई ७, जहाजाने यायचं असेल तर आणखी ५. सात महिने झाले. अल्बमची तारीख पुढे सरकते, शीर्षकही बदलतं, पण रंगवलेलं कापड थांबत नाही. म्हणून अल्बमचं नाव आणि टूरच्या तारखा फक्त टी-शर्टवर, तेही शेवटच्या महिन्यात छापा. हुडीवर कधीच नाही. टूर संपल्यावर तारखांची हुडी कुणी घेत नाही.

मंच हीच प्रयोगशाळा

विकण्याआधी नमुना दोन कार्यक्रमांत घाला. माइकचा ट्रान्समीटर पँटच्या कमरेला अडकवला की नाडी सैल पडते का, घामाचा डाग कुठे उठतो (करड्या मेलांज, म्हणजे मिश्र छटेच्या रंगावर तो सगळ्यात वाईट दिसतो), ॲडलिब (ओळींमधले उत्स्फूर्त उद्गार) करताना झिप माइकवर वाजते का. कॅमेऱ्यातही पाहा. बारीक पट्टे व्हिडिओत लवलवतात. काही कृत्रिम धाग्यांचा काळा रंग मंचावरच्या उष्ण दिव्यांत काही कॅमेऱ्यांना तांबूस दिसतो. टोपी काळी आणि हुडी तपकिरी असा विनोद मग पडद्यावर होतो.

किती माल, काय भाव

फॉलोअर मोजू नका. ईमेल किंवा मेसेजच्या यादीत नाव देणारे मोजा, आणि पहिल्या खेपेला त्यातल्या शंभरी दोघेच विकत घेतील असं धरा. यादी ५,००० ची असेल तर १०० गिऱ्हाइकं. तीन वस्तू मिळून २५० नग पुरे. कारखान्याची किमान ऑर्डर यापेक्षा मोठी असेल तर ७ दिवसांची आगाऊ नोंदणी घ्या आणि पोच ८ आठवड्यांनी सांगा. ६ सांगून ९ व्या आठवड्यात दिलंत तर पुढच्या गाण्याखाली लोक हुडी कुठंय विचारत बसतील.

मापांचं प्रमाण छोट्यापासून मोठ्यापर्यंत २ : ३ : ३ : २ हे सरधोपट. घाट मुळातच ढगळ असेल तर लोक एक माप खाली घेतात आणि सगळ्यात मोठं माप पडून राहतं. मापाचा तक्ता सेंटिमीटरमध्ये, आणि घालणाऱ्याची उंची फोटोखाली लिहा.

भाव ठरवताना नग दारात पडेपर्यंतचा खर्च १०० धरा: कापड, शिलाई, छपाई, लेबल, खोका, वाहतूक, आयातशुल्क, सगळं. दुकानाला तो २२० ते २५० ला आणि गिऱ्हाइकाला ४५० ते ५०० ला जायला हवा. ‘आम्ही थेट विकतो, २५० पुरे’ असं म्हणून सुरुवात करणारे बरेच असतात. वर्षाने चांगलं दुकान दारात येतं, निम्म्या भावात मागतं, आणि १२५ मध्ये लेबलचा हिस्सा, परतावे आणि तुटफूट बसत नाही. भाव एकदम दुप्पट करता येत नाही, मग दुकान परत जातं. ऑनलाइन विक्रीत पाचवा हिस्सा परत येईल असं धरूनच आकडे मांडा. कार्यक्रमस्थळी विकलंत तर सभागृहही विक्रीतून आपला वाटा कापतं. तो किती, आणि करापूर्वी की करानंतर, हे कार्यक्रमाच्या करारात आधी पाहा.

फॅशनवाल्यांच्या दारात

हे सावकाश होतं. रॅपर-निर्माता फॅरेल विल्यम्सने जपानी डिझायनर निगोसोबत ‘बिलियनेअर बॉइज क्लब’ हा ब्रँड २००३ मध्ये सुरू केला आणि लुई व्हितोंच्या पुरुष विभागाची सूत्रं त्याच्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये आली: मधे वीस वर्षं. रॅपर टायलर, द क्रिएटरचं ‘गोल्फ वँग’ २०११ चं, कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीसोबतची ‘गोल्फ ल फ्लूर’ची मालिका २०१७ ची. कान्ये वेस्टचा ‘पास्टेल’ हा ब्रँड बाजारात येण्याआधीच २००९ मध्ये गुंडाळला गेला, त्याच वर्षी तो आणि डिझायनर व्हर्जिल अब्लो फेंडी या इटालियन फॅशन घराण्यात इंटर्न होते. २०११ च्या त्याच्या पॅरिसमधल्या पहिल्या शोला टीकाकारांनी झोडपलं. यातली इंटर्नशिप सोडून बाकी सगळ्याची नक्कल करायला लोक तयार असतात.

स्टायलिस्टशी नातं जोडायचं तर उधार आणलेला कपडा ठरल्या दिवशी, मेकअपचा डाग न लावता परत करा. हे एवढं साधं आहे आणि इथेच नावं खराब होतात. काय, कुठे, कुणाचं घातलं याची फोटोंसह नोंद ठेवा. पुढे भागीदारीच्या बोलणीत तीच वही पुरावा असते. रन-डीएमसी या रॅप गटाने १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रेक्षकांना आपापले आदिदासचे बूट वर धरायला लावले. कंपनीचा माणूस तिथे हजर होता आणि करार झाला. त्याला डोळ्यांनी दिसलेले हात पटले. तुमच्याकडेही असंच दाखवण्यासारखं काही असलं पाहिजे.

आणि दर हंगामी नवं काढायच्या फंदात लगेच पडू नका. पहिली खेप संपली की मापनिहाय विक्री आणि परताव्यांची कारणं शेजारी-शेजारी मांडा. ‘माप चुकलं’ जास्त असेल तर तक्ता सुधारा. ‘रंग वेगळा’ जास्त असेल तर फोटो पुन्हा काढा. ‘गळा सैल’ तीनदा आलं तरी पॅटर्नकाराला बोलवा. दुसरी ऑर्डर त्याच टी-शर्टची द्या. पहिला नग आला की तो सीलबंद नमुन्यावर पसरून खांद्याशी खांदा जुळवा. गळा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला असेल तर बाकीचं कटिंग तिथेच थांबवायला सांगा.